त्रेपन्नच्या आधी

सहामाही परीक्षेचे दिवस होते. भाची आठवीत. पुस्तक मांडीवर पालथं घालून, डोळे मिटून, पुढे-मागे झुलत ती घोकत होती: चौदाशे त्रेपन्न साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, खुष्कीचे व्यापारी मार्ग बंद झाले, म्हणून युरोपीयांना नव्या मार्गांची गरज वाटू लागली. मी शेजारी मेथी निवडत बसले होते आणि सवयीने हुंकार देत होते. आपल्या सगळ्यांच्याच तोंडून हे कधी ना कधी गेलेलं आहे. सकारण स्पष्ट करा, तीन गुण. एक वाट बंद झाली, माणसं दुसरी शोधायला निघाली. इतकं सरळ की शंका घ्यायचं मनातच येत नाही. ती मधेच थांबली. "मावशी, पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री द नॅव्हिगेटर, नवे मार्ग शोधायला जहाजं पाठवणारा, तो १४६० मध्ये गेला असं मोबाइलवर दिसतंय. मग त्याने हे सगळं सात वर्षांत केलं?" मी म्हटलं, आधी धडा पुरा कर. तिने केला, तिला अजून नागरिकशास्त्र उरकायचं होतं. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

तारखा मांडून पाहिल्या की कोडं आणखी वाढतं. पोर्तुगिजांनी समुद्र ओलांडून मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता घेतलं ते १४१५ मध्ये. मदेरा बेटावर वस्ती केली १४२० च्या सुमारास. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर ओलांडलं १४३४ मध्ये. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची पहिली मोठी वाटणी पोर्तुगालमधल्या लागोस गावाच्या वेशीबाहेर झाली १४४४ मध्ये. कॉन्स्टँटिनोपल पडण्याची वाट यातल्या कोणीच पाहिलेली नाही. बरं, मिरीची वाट तरी तिथून जात होती का? मलबारची मिरी एडनला जायची, तांबड्या समुद्रातून कैरो, तिथून अलेक्झांड्रिया, आणि अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर व्हेनिसचे व्यापारी थैल्या घेऊन उभे असायचे. हा सगळा रस्ता इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या हातात होता. तुर्कांनी कैरो घेतलं १५१७ मध्ये, म्हणजे वास्को-द-गामा कालिकतला येऊन गेल्याला १९ वर्षं झाल्यावर. आणि ज्यांचा सगळा धंदा पूर्वेशी, त्या व्हेनिसवाल्यांनी १४५४ मध्येच नव्या सुलतानाशी तह करून टाकला. व्यापारी माणूस सुतकात किती दिवस बसणार!

मग ते निघाले कशासाठी?

याचं उत्तर शोधताना मी मागे मागे सरकत गेले आणि पोचले १३४७ च्या शरद ऋतूत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे दौलताबादेला हसन गंगूने बहमनी राज्य उभं केलं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच काळ्या समुद्राकडून आलेली जिनोआची गलबतं सिसिलीतल्या मेसिना बंदराला लागली, आणि त्यांच्यातून प्लेग उतरला. पुढच्या वर्षी तो लिस्बनला होता. युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. कित्येक गावांत निम्मी. एवढ्या मरणाने माणसं खचून घरात बसतील असं आपल्याला वाटतं. घडलं ते फार निराळं, आणि फार हिशोबी. मजूर कमी झाले म्हणून मजुरी वाढली. धान्य खाणारी तोंडं कमी झाली, जमिनीचा खंड उतरला. शेतं पडीक राहिली, गडीमाणसं गाव सोडून शहरात गेली. १३७५ मध्ये पोर्तुगालच्या राजाला कायदाच करावा लागला: ज्याची जमीन त्याने ती कसलीच पाहिजे, आणि ज्यांचे आईबाप शेतात राबले त्यांनी शेतातच राबलं पाहिजे. असले कायदे राजे करतात ते लोक ऐकेनासे झालेले असतात म्हणून. देश तसाही लहान, दहा लाखांच्या आसपास वस्तीचा, डोंगराळ, गहू कधीच पुरेसा न पिकणारा. नाण्यातली चांदी वर्षागणिक कमी होत चाललेली. सोनं तर दिसतच नव्हतं.

अशा देशात जमीनदाराच्या धाकट्या मुलाने करायचं काय? वाटण्या होऊन हातात काय उरतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांच्याकडे उत्तर ठरलेलं होतं: लढाईवर जायचं, लुटीत वाटा घ्यायचा, सरदारकी मिळवायची. शेजारच्या कॅस्टिलशी पिढीभर लढाई होती, त्यामुळे ते चाललं. १४११ मध्ये तह झाला आणि शांतता आली. शांततेने माणसं बेकार होतात, हे इतिहासाच्या पुस्तकात फारसं येत नाही. राजा पहिल्या जॉनला तीन मोठे मुलगे होते, तिघांनाही खऱ्या रणांगणावर सरदार व्हायचं होतं. तलवारींचे खेळ भरवून मुलांना किताब देऊ, असं राजाच्या मनात होतं. खजिनदाराने सुचवलं की त्या खर्चात सेउता येईल. ताफा जमवत असताना राणी फिलिपा प्लेगने आजारी पडली. तिने मुलांसाठी तलवारी करून घेतल्या होत्या, त्या अंथरुणावरूनच त्यांच्या हाती दिल्या आणि ती गेली. आठवडाभरात जहाजं निघाली. आई नुकतीच गेलेली, हातात तिने दिलेली तलवार. तिघांतला धाकटा हेन्री, भाचीचा तो नॅव्हिगेटर, तेव्हा २१ वर्षांचा होता.

२१ ऑगस्ट १४१५. सेउता एका दिवसात पडलं. सहारा ओलांडून येणारं सोनं, मोरोक्कोचा गहू, पूर्वेचे मसाले, सगळं या बाजारात यायचं. लुटीत शिपायांनी मसाल्याची पोती फाडली, माल रस्त्यात सांडून तुडवला गेला, असं झुरारा नावाच्या दरबारी बखरकाराने लिहून ठेवलंय. ते वाचताना मला दालचिनीचा वास येतो, ऑगस्टच्या उन्हात तापलेल्या दगडावरचा, रक्त आणि घामात मिसळलेला. पोतं फाडणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक नव्हती, तो सोनं शोधत होता. आणि मग व्हायचं तेच झालं. पोर्तुगीज आत शिरले, व्यापार बाहेर पडला. काफिले दुसऱ्या बंदरांकडे वळले. हाती उरला एक रिकामा किल्ला, आणि गव्हासाठी घेतलेल्या त्या गावाला गहू लिस्बनहून पाठवायची पाळी आली.

इथे कोणीही शहाणा माणूस सोडून देईल. त्यांनी सोडलं नाही. १४३७ मध्ये शेजारच्या टँजिअरवर चाल करून गेले, सपाटून मार खाल्ला, सुटकेच्या बदल्यात सेउता परत द्यायचं कबूल केलं आणि ओलीस म्हणून सर्वांत धाकटा राजपुत्र फर्नांदो याला मागे ठेवलं. सेउता परत केलं नाही. फर्नांदो १४४३ मध्ये मोरोक्कोतल्या फेझच्या कैदेत मेला. त्याला पुढे संतासारखा मान मिळाला. तोट्यातल्या एका गावासाठी सख्खा भाऊ सोडून दिला, ही गोष्ट मला गामाच्या सगळ्या सफरीपेक्षा जास्त सांगून जाते. शौर्य, कुतूहल, दर्यावर्दी वृत्ती हे शब्द मी शाळेत लिहिले होते. मला आता दिसतो तो एक हट्ट: बुडीत खातं बंद करायचं नाही, ते भरून काढायला पुढचं खातं उघडायचं.

सेउतात सोनं येईनासं झालं, मग ते जिथून येतं तिथेच समुद्रावरून जाऊ. मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटून गेला होता की त्याची कीर्ती युरोपपर्यंत पोचली. मायोर्का बेटावरच्या एका ज्यू नकाशाकाराने १३७५ मध्ये रंगवलेल्या जगाच्या नकाशात तो राजा बसलेला आहे. डोक्यावर मुकुट, हातात मोसंब्याएवढा सोन्याचा गोळा, आणि समोरून उंटावर बसून एक चेहरा झाकलेला माणूस येतोय. त्याच नकाशात डावीकडे, समुद्रात, एक लहानसं गलबत रंगवलंय. सोन्याच्या नदीच्या शोधात जाउमे फेरेर १३४६ मध्ये निघाला, अशी नोंद त्याच्याशेजारी आहे. तो परत आल्याची नोंद कुठे नाही.

परत येणं हीच त्या समुद्रातली अडचण होती. माझं आजोळ दाभोळजवळचं. आमच्याकडे वारा वर्षातून दोनदा पाठ फिरवतो. अरबस्तानात, आफ्रिकेत जाणारं गलबत एका वाऱ्यावर जायचं, दुसऱ्याची वाट पाहायचं आणि त्याच्यावर बसून घरी यायचं. नारळी पौर्णिमेला समुद्राची विनवणी करायची ती दर्या शांत व्हावा म्हणून. वारा फिरणार आहे याची खात्री असते. अटलांटिकमध्ये आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याला वारा फिरतच नाही. उत्तरेकडून दक्षिणेकडे ढकलतो, बारा महिने. जाताना अलगद नेतो आणि येताना तोंडावर बसतो. बोजादोरपाशी पाणी उथळ, धुकं दाट, किनारा ओसाड. पलीकडे समुद्र उकळतो अशा गोष्टी खलाशी सांगायचे, पण खरी भीती उकळत्या पाण्यापेक्षा या वाऱ्याची असणार. हेन्रीने माणसांमागून माणसं पाठवली आणि ती तोंड लपवत परत आली. शेवटी १४३४ मध्ये गिल इयानिश पुढे जाऊन आला. पलीकडे माणूस दिसला नाही, घर दिसलं नाही. आपण तिथे गेलो होतो याचा पुरावा म्हणून त्याने वाळूत उगवलेली चार रानफुलं उपटून आणली.

पुढे खलाशांनी युक्ती शोधली. घरी यायचं तर घराकडे तोंड करायचं नाही. किनारा सोडून वायव्येला, भर महासागरात शिरायचं, दिवसच्या दिवस जमीन दिसत नसताना वर चढत राहायचं, आणि तिथे पश्चिमेचा वारा सापडला की त्याच्यावर लिस्बन गाठायचं. तिरप्या शिडाची कॅराव्हेल, होकायंत्र, नकाशे यांची नावं आपण पाठ केली. मला या वळणाचं जास्त नवल वाटतं. घरापासून लांब जाण्यात घराची वाट आहे असं पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं असेल? बहुधा चुकून भरकटलेल्या एखाद्या कोळ्याच्या. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. कोलंबस पुढे याच वळणाच्या भरवशावर पश्चिमेला गेला आणि परत आला.

कोलंबसाचं म्हणाल तर त्याचे सासरे या गोष्टीत त्याच्याही आधी येतात. मदेराशेजारच्या पोर्तो सांतो या लहान बेटाची जहागीर या सासऱ्यांना, बार्तोलोमेउ पेरेस्त्रेलोला, मिळाली. जाताना त्याने एक गाभण सशीण बरोबर नेली, ती वाटेत जहाजावरच व्याली. शुभशकुन म्हणून सगळे खूश. पिल्लं बेटावर सोडली. बेटावर त्यांना खाणारं कोणी नव्हतं. थोड्याच काळात सशांनी पेरलेलं एकूण एक पीक फस्त करायला सुरुवात केली, मारून मारून संपेनात, आणि वसाहतवाल्यांना बेट सोडून मदेराला जावं लागलं. युरोपच्या पहिल्या वसाहतींपैकी एक सशांनी उठवली! मी हे वाचून मोठ्याने हसले, आणि मग हसू ओसरलं, कारण मदेराला गेल्यावर त्यांनी काय केलं ते पुढच्या पानावर होतं. तिथलं रान पेटवलं. डोंगरातून पाण्याचे पाट खोदले. ते खोदायला कनारी बेटांवरून तिथली माणसं पकडून आणली. सिसिलीतून ऊस आणला, भांडवल जिनोआच्या व्यापाऱ्यांचं. १४५२ मध्ये हेन्रीने पाण्यावर चालणाऱ्या उसाच्या घाण्याचा लेखी करार केला. साखर म्हणजे सरपण. आमच्या कोल्हापूरच्या नातेवाइकांच्या गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाडं ढकलणाऱ्याला क्षणाची उसंत नसायची, सगळा दिवस त्या तोंडात काहीतरी घालत राहायचं. तसंच ते बेट घाण्याच्या चुलाणात गेलं. १४९८ मध्ये राजाला साखरेच्या निर्यातीवर मर्यादा घालावी लागली, वर्षाला १ लाख २० हजार अरोबा, म्हणजे सतराशे टनांच्या वर, इतकी साखर होत होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरपण सरत आलं आणि धंदा उतरणीला लागला. तोवर ऊस, घाणा, पाट, सावकार आणि पकडून आणलेली माणसं हा सगळा संच तयार होता. तो उचलून आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर नेला, मग ब्राझीलला. कोलंबस स्वतः १४७८ मध्ये एका जिनोईज व्यापाऱ्यासाठी साखर घ्यायला मदेराला आला होता. अमेरिकेत काय करायचं हे त्याला तिथे जायच्या आधी माहीत होतं.

आता लागोस. हे लिहायचं टाळत होते.

८ ऑगस्ट १४४४, सकाळची वेळ. ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून लवकर सुरुवात केली होती. सहा कॅराव्हेलमधून २३५ माणसं वेशीबाहेरच्या मैदानात आणली गेली. गावातले लोक कामधाम टाकून बघायला आले. झुरारा लिहितो: कोणी मान खाली घालून रडत होतं, कोणी आकाशाकडे बघून ओरडत होतं, कोणी तळव्यांनी स्वतःचं तोंड बडवत होतं. मग पाच वाटे करायला घेतले. वाटे सारखे यायला हवेत म्हणून बाप इकडे, मुलगा तिकडे. आया मुलांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडल्या, आपल्या अंगावर मार घेतला, पण मूल सोडलं नाही. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून बघत होता. त्याच्या पाचव्या हिश्शाला ४६ जण आले, ते त्याने तिथल्या तिथे आपल्या माणसांना वाटून टाकले. झुरारा कबूल करतो की कितीही कठोर काळीज असलं तरी हे पाहून पाझर फुटेल. आणि पुढल्याच दमात लिहितो की त्यांच्या आत्म्यांचा उद्धार झाला, राजपुत्राला समाधान होतं ते त्याचंच. झुराराच्या त्या हळहळीवर माझा विश्वास आहे, हाच माझा त्रास आहे. तो ढोंगी असता तर पुस्तक मिटून ठेवता आलं असतं. २००९ मध्ये लागोसला भूमिगत वाहनतळासाठी खोदताना जुन्या उकिरड्याच्या जागी दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे सापडले, काहींचे हात बांधलेल्या स्थितीत. त्यांचा आत्मा कोणी मोजला होता?

आणि झुराराची ही बखर पुरी झाल्याची तारीख तिच्या शेवटी दिलेली आहे: १८ फेब्रुवारी १४५३. कॉन्स्टँटिनोपल पडलं त्याच वर्षी २९ मे रोजी. म्हणजे आमच्या धड्यात जिथे पहिलं वाक्य सुरू होतं, त्याच्या तीन महिने आधी लिस्बनच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयात या पराक्रमाचं पुस्तक लिहून तयार होतं. पोपने बिगरख्रिस्ती लोकांना कायमचं गुलाम करायचा परवानाही १४५२ मध्येच दिलेला होता. तरी त्रेपन्न अगदीच निकामी आहे असं मी म्हणणार नाही. काळ्या समुद्राकडचा गुलामांचा धंदा आटल्यावर जिनोआचा पैसा आणखी जोरात पश्चिमेला सरकला. पोपने कॉन्स्टँटिनोपल परत घ्यायला धर्मयुद्धाची हाक दिली तेव्हा पोर्तुगालच्या राजाने उत्साहाने होकार दिला, १४५७ मध्ये गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या, सोन्याची नवी नाणी पाडली, सैन्य जमवलं, बाकी कोणी आलं नाही असं पाहिलं आणि तेच सैन्य मोरोक्कोतलं आणखी एक गाव घ्यायला नेलं. शहर तुर्कांनी जिंकलं, कामी आलं यांच्या.

हेन्री गेल्यावर शोधाचं काम चक्क ठेक्याने दिलं. १४६९ मध्ये फर्नांव गोमिश नावाच्या लिस्बनच्या व्यापाऱ्याने गिनीच्या व्यापाराचा मक्ता घेतला. वर्षाला २ लाख रेइस (तिथलं नाणं) भरायचे, आणि दर वर्षी १०० लीग (अंतराचं जुनं माप) नवा किनारा शोधून द्यायचा, पाच वर्षं. रस्त्याच्या टेंडरसारखं. त्याने दिलाही. पोर्तुगीज दर्यावर्दी दिआस १४८८ मध्ये आफ्रिकेचं टोक ओलांडून आला तोवर हे सगळं नोकरीपेशाचं काम होऊन गेलं होतं. दाभोळ १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने जाळलं, मुलगा चौलच्या लढाईत पडला त्याचा सूड म्हणून. लहानपणी ती हकिकत ऐकताना जाळणारे लोक मला एकदम, कुठूनतरी, धुरातून आल्यासारखे वाटायचे. आता त्यांच्या पणजोबांचं पडीक शेत दिसतं, खोटं नाणं दिसतं, आईने दिलेली तलवार दिसते. त्याने राग कमी होत नाही. नुसतं रागावणं जड जातं.

गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला आला तेव्हा सामुरी राजासाठी त्याने काढलेल्या भेटींची यादी त्याच्याच ताफ्यातल्या एकाने लिहून ठेवलीय. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे १२ तुकडे, ४ तांबडी टोपडी, ६ टोप्या, पोवळ्यांच्या ४ माळा, हात धुवायची ६ तस्तं, साखरेची एक पेटी, तेलाचे दोन आणि मधाचे दोन बुधले. राजाचा कारभारी हसला. मक्केहून येणारा सर्वांत गरीब व्यापारीसुद्धा यापेक्षा जास्त आणतो, म्हणाला. द्यायचंच तर सोनं द्या. कारभाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. मसाल्यांनी भरलेल्या बंदरात कोणी टोप्या आणि साखर घेऊन आलं तर माणूस हसणारच. पण ही माणसं सेउता आणि टँजिअरच्या शाळेत शिकून आली होती, त्यांच्या वहीत हा अपमान वसुलीच्या बाजूला चढला. मार्च १५०० मध्ये कब्राल नावाचा पुढचा सरदार १३ जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला. त्यातली सहा जहाजं सप्टेंबरात कालिकतला पोचली. या खेपेला चांदीची तस्तं होती, सोन्याचा मुलामा दिलेली सुरई होती, गालिचे होते. डिसेंबरात पोर्तुगिजांच्या वखारीवर हल्ला झाला, माणसं मारली गेली, आणि कब्रालने शहरावर तोफा डागल्या.